गुडघे असलेला रोबोट

माझी मुलगी पाचवीत होती. एका संध्याकाळी ती समोरच्या फ्लॅटमधून धावत आली, चपला दारातच उडवल्या आणि ओरडली, "पप्पा, उसके घुटने हैं! घुटने!"

फार आनंद झाला की तिची मराठी आधी पळून जाते. शाळेत, रिक्षात, खाली सोसायटीच्या बागेत सगळीकडे हिंदी आणि गुजराती, त्यामुळे घाईच्या वेळी जे तोंडात येईल ते. मी चहाचा कप खाली ठेवला.

"कोणाचे गुडघे?"

"ताईच्या रोबोटचे! तो फायर इंजिन होतो, मग रोबोट होतो, मग मांडी घालून बसतो. मांडी, पप्पा!"

एवढं सांगून ती परत गेली. आमचं दार उघडंच राहिलं. मी समोरच्या बंद दाराकडे बघत बसलो. आमच्या रोबोटला गुडघे नाहीत, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. तीस-पस्तीस वर्षं त्या रोबोटसोबत काढली, पण त्याचे पाय वाकत नाहीत ही उणीव आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आमचा रोबोट म्हणजे माझ्या लहानपणीचा. वीतभर उंच. ट्रकचा रोबोट आणि रोबोटचा ट्रक. डोकं आत ढकलायचं, हात मागे घ्यायचे, कंबर फिरवायची, पाय जुळवायचे, छाती खाली पाडायची, चाकं बाहेर काढायची. सहा हालचालींत काम संपतं. उजवा पाय लाल, डावा निळा, आणि छातीचा रंग असा की तो पिवळा म्हणावा की भगवा हे अजून ठरलेलं नाही.

त्या रंगांचं कारण माझे वडील. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. सिल्वासात एकामागून एक कारखाने उभे राहत होते तेव्हा ते जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून इथे आले आणि खेळण्यांच्या एका कारखान्यात मोल्डिंग मशीनवर लागले. प्लास्टिकचा दाणा वितळतो, साच्यात दाबाने शिरतो, थंड होतो, साचा उघडतो आणि एक पाय खाली पडतो. आप्पा आठ तास रोबोटचे पाय काढायचे. छाती दुसऱ्या मशीनवर, हात तिसऱ्या. तो रोबोट बाहेरच्या देशातल्या खेळण्याची नक्कल होता आणि ते कोणी लपवतही नव्हतं.

एक रंग संपवून दुसरा सुरू करताना मधले काही नग मिश्र रंगाचे निघतात. कुठे प्लास्टिक कमी पडून पाऊल आखूड येतं. असे नग परत दळायला जायचे. आप्पांनी सुपरवायझरला विचारून त्यातले थोडे बाजूला काढले. एक दिवस पाय आला, चार दिवसांनी दुसरा पाय, मग हात. महिनाभर मी ते तुकडे बिस्किटाच्या डब्यात साठवत होतो. डोकं सगळ्यात शेवटी आलं. सुट्टीच्या दिवशी आप्पांनी खोलीसमोरच्या ओट्यावर बसून स्क्रू लावले आणि रोबोट माझ्या हातात दिला.

आमच्या खोल्यांच्या मागे मॅनेजर लोकांचे बंगले होते. त्यातल्या एका मुंबईच्या साहेबांच्या मुलाकडे खोक्यातला, एका रंगाचा, चकचकीत रोबोट होता. तो आमच्या ओट्यावर आला, माझा रोबोट उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "अदलाबदल करतोस का? असा कोणाकडेच नाही." मी नाही म्हटलं. तो दोन दिवस रोज विचारत राहिला, मी दोन्ही दिवस नाही म्हटलं. सिल्वासातला सर्वांत भारी रोबोट आपल्याकडे आहे, ही माझी खात्री तिथून सुरू झाली आणि नंतर कोणी ती तपासली नाही.

पुढे तो कारखाना बंद पडला. आप्पा पाइपच्या कंपनीत गेले आणि निवृत्त होऊन गावी परतले. मी टूल अँड डायचा डिप्लोमा केला आणि इथेच राहिलो. आता मी साचे बनवतो. बाटलीची झाकणं, बादलीच्या कड्या, मिक्सरचं बटण. वीस वर्षांत खेळण्याचा साचा एकदाही वाट्याला आला नाही.

मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा मी तिला रोबोट दिला. कंपनीतून आल्यावर हातपाय धुऊन मी खाली सतरंजीवर बसायचो आणि ती समोर. सहा हालचाली मोठ्याने म्हणत करायच्या. कधी ती म्हणायची आणि मी करायचो, कधी उलट. टोकरखाड्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या अर्ध्या-पाऊण तासाला मी दिवसभर धरून असायचो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो अर्धा तास गेला तेव्हा कळलं.

समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने आलेली ती मुलगी पुण्याची. सव्वीस वर्षांची, एकटी राहणारी, अथालकडच्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनीअर. सामान आलं त्या दिवशी बऱ्याच खोक्यांवर "नाजूक" असं लिहिलेलं होतं. बायकोला वाटलं, काचेची भांडी असतील. ती हसत म्हणाली, "नाही हो काकू, रोबोट आहेत." बायकोने तिला त्याच दिवशी अगं-तुगं करायला सुरुवात केली. मी तिला अहो-जाहो करत राहिलो. वयाने लहान मुलीला इतका मान देण्याचं तसं काही कारण नव्हतं. अंतर राखायला ते बरं पडत होतं.

तिच्या हॉलमध्ये काचेच्या दारांचं कपाट होतं. त्यात पंचवीसेक रोबोट तीन ओळींत उभे. माझी मुलगी पहिल्यांदा पाच मिनिटांसाठी गेली, दुसऱ्यांदा अर्ध्या तासासाठी. मग संध्याकाळी मी हातपाय धुऊन बाहेर आलो की सतरंजी रिकामी असायची.

"समोर आहे," बायको भाजी चिरता चिरता सांगायची.

"अभ्यास?"

"झाला."

"रोज रोज कोणाच्या घरी जाऊन बसायचं हे बरं नाही."

"तिलाच करमत नाही एकटीला. ती बोलावते."

गुडघ्यांची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः तो रोबोट बघायला गेलो. खरं सांगायचं तर त्यात खोट काढायला गेलो. साचेवाल्याला खोट लगेच दिसते. प्लास्टिक साच्यात जिथून शिरतं तिथे एक बारीक खूण राहते, ती लपवणं सोपं नाही. आमच्या रोबोटच्या तर कपाळाच्या मधोमध ती आहे, टिकलीसारखी. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक रेघ उमटते. मी फायर इंजिन हातात घेतलं, खिडकीशी नेलं आणि खूण शोधू लागलो. ती काखेत होती. हात वर केल्याशिवाय दिसायची नाही. जोडाची रेघ जिथे लाल आणि करडा रंग मिळतात नेमकी तिथे बसवलेली, म्हणजे डोळ्याला ती रंगाची कड वाटते.

मग माझ्या लेकीने माझ्या हातून तो घेतला आणि मला दाखवलं. शिडी फिरली, टाकीचे दोन भाग झाले, आतून चेहरा आला, पाय उलगडले. तीस-बत्तीस हालचाली. बोटं न अडखळता चालली होती. शेवटी तिने त्याची मांडी घातली आणि तळहातावर बसवला. कमरेचा सांधा गोळ्यासारखा होता. हलकेच फिरायचा आणि जिथे सोडावा तिथेच थांबायचा. इतका सैल आणि इतका घट्ट एकाच वेळी. मी वीस वर्षं साचे करतोय. तो सांधा मला जमला नसता. हे मला उभ्या उभ्या कळलं.

"छान आहे," मी म्हटलं. "पण नाजूक दिसतो." आणि शिडी थोडी वाकवून पाहिली.

"काका, शिडीवर जोर नको हं," ती मुलगी म्हणाली.

मला बेचाळिसावं चालू होतं. काका म्हटल्याचं वाईट वाटलं. प्लास्टिकवर किती जोर द्यावा हे मला कोणीतरी सांगावं याचं जास्त वाईट वाटलं. माझी मुलगी मात्र तिच्याकडे बघून हसली, जणू दोघींना पप्पांचं हे आधीपासून ठाऊक होतं.

त्यानंतर तुलनेची वही सुरू झाली. हल्लीच्या मुलांना मोबाइलवर दोन वस्तू शेजारी ठेवून बघायची सवय असते, हा चांगला की तो चांगला. दोघींनी मिळून चित्रकलेच्या वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली होती. एकीकडे जुना, एकीकडे नवा. मुलगी शाळेत गेल्यावर मी ती वही उघडली. दुसऱ्याची वही अशी उघडू नये हे मीच तिला शिकवलेलं.

जुना: गुडघे नाहीत. नवा: गुडघे आहेत.

जुना: बोटं चिकटलेली. नवा: बोटं वेगळी, अंगठा हलतो.

जुना: पडला तर चालतो. नवा: पडला तर ताई किंचाळते.

जुना: चेहरा हसरा. नवा: चेहरा रागीट.

जुना: आजोबांनी बनवला. नवा: कोणी बनवला माहीत नाही.

खाली गुण. जुना सहा, नवा नऊ. आकडे माझ्या मुलीच्या अक्षरात होते.

मी पलंगावर बसून ते सहा आणि नऊ कितीतरी वेळ बघत होतो. संध्याकाळी, काही विशेष नाही अशा आवाजात मी विचारलं, "आजोबांनी बनवला त्याचे किती गुण दिलेस ग?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही वही वाचली?"

"सहज उघडी दिसली."

"एक गुण दिला ना त्याचा. पूर्ण एक." मग समजूत घालत म्हणाली, "ताईने सांगितलं, जुन्याचे एकूण आठ पण होऊ शकतात. पण मग गुडघ्यांचं काय?"

आठ देणारी ती होती आणि सहा देणारी माझी मुलगी. यात मला त्या मुलीबद्दल बरं वाटायला हवं होतं. झालं उलटंच. माझ्या रोबोटवर दया करणारी ही कोण?

रात्रीच्या पोळ्या करताना बायकोने न वळता विचारलं, "तुम्हाला राग त्या रोबोटचा येतो की तिचा?"

"राग कसला? मला काय करायचंय."

"मग वही कशाला वाचता पोरीची?"

मला माझ्या बाजूने बोलणारं कोणीतरी हवं होतं. रविवारी मी आप्पांना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सांगितलं, हल्लीच्या रोबोटना गुडघे असतात, मांडी घालून बसतात, पण एकदा पडला की संपला. आपल्यासारखा दणकट नाही. आप्पा शेवटच्या वाक्यापर्यंत आलेच नाहीत.

"काय सांगी राहिला? गुडघे? पाय पोकळ आहे का भरीव?"

"बघितलं नाही."

"अरे, मग वाकतो कसा? आत पिन आहे की नुसती खाच? आमच्या वेळी तो पायच इतका त्रास द्यायचा ना, की एक शिफ्ट जायची. पोरीला सांग, मला व्हिडिओ कॉलवर दाखव म्हणा. वाकवून दाखव म्हणा."

ज्यांनी तो पाय वर्षानुवर्षं मशीनमधून काढला त्यांना तसूभरही वाईट वाटलं नव्हतं. त्यांना फक्त आत काय आहे ते बघायचं होतं. मी रेंज नाही असं सांगून फोन ठेवला.

त्यानंतरच्या आठवड्यात समोरची मुलगी मावसबहिणीच्या लग्नासाठी चार-पाच दिवस पुण्याला गेली. जाताना तिने फायर इंजिन माझ्या मुलीकडे दिलं. "तू सांभाळ, मी येईपर्यंत तुझं," असं म्हणाली. मुलीने ते आपल्या अभ्यासाच्या टेबलावर रुमाल अंथरून ठेवलं. आमचा जुना रोबोट त्या टेबलावरच होता. तिने त्याला खिडकीत हलवलं. जागा कमी होती, तिने हलवला, एवढंच. पण मी ते पाहिलं.

रविवारी सकाळी मुलगी चित्रकलेच्या क्लासला गेली आणि बायको भाजीला. घरात मी एकटा. मी ठरवलं की तिच्यापेक्षा कमी वेळात हा रोबोट उभा करायचा. क्लासहून आली की सहज करून दाखवायचा. कागद बघायची गरज वाटली नाही. यंत्र कसं चालतं ते हात सांगतात, असं मी कंपनीत बोलत असतो.

शिडी जमली. टाकी जमली. खांद्याशी अडलं. मुलगी आधी कोपराखालचा भाग बाहेर वळवते आणि मगच खांदा फिरवते, हे मी दहा वेळा पाहिलं होतं, पण बघताना माझं लक्ष तिच्या हातांकडे नव्हतं, तिच्या चेहऱ्याकडे होतं. मी सरळ खांदाच फिरवला. तो अर्ध्यावर थांबला. मी दाब वाढवला आणि लाल प्लास्टिकच्या कडेला पांढुरकी झाक आली.

आमच्या धंद्यात ही झाक सगळ्यांना ठाऊक असते. प्लास्टिक ताणलं गेलंय, आता सोडा. नव्या ऑपरेटरांना हे मीच पहिल्या दिवशी सांगतो. मला ती झाक दिसली. तरीही मी दाबलं.

टक् असा आवाज आला. खांद्याच्या आतला कान, म्हणजे हाताची पिन धरणारा बारीक भाग, तुटून माझ्या मांडीवर पडला, गव्हाच्या दाण्याएवढा.

हे लिहायला मला बराच काळ लागला, कारण पुढचं सांगावं की नाही हे ठरत नव्हतं. तो तुकडा मांडीवर पडला त्या क्षणी मला बरं वाटलं. अगदी थोडा वेळ, पण स्पष्ट बरं वाटलं. मोडला ना शेवटी, असं. मग अंगाला घाम फुटला. मी हात जागच्या जागी दाबून, सगळं उलट क्रमाने करून, पुन्हा फायर इंजिन बनवलं. गाडी असताना खांदा आत झाकला जातो. रुमालावर जसं होतं तसं ठेवलं आणि तुकडा शर्टाच्या खिशात टाकला.

संध्याकाळी मुलीने रोबोट उभा केला आणि त्याचा उजवा हात लोंबला. तिने हात वर केला, सोडला, तो पुन्हा लोंबला. सकाळी क्लासला जाण्याआधी ती त्याच्याशी खेळली होती, त्यामुळे आपल्याच हातून झालं यात तिला शंका नव्हती. ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून आत बराच वेळ राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"ताईचा रोबोट मी मोडला."

मी टीव्हीसमोर बसलो होतो. मान वळवून "बघू" म्हणालो, रोबोट हातात घेतला, खांदा तपासल्यासारखं केलं आणि म्हटलं, "असू दे. खेळणं आहे. मोडतं." माझ्या खिशात त्याचा कान होता.

सोमवारी तिने डबा तसाच परत आणला. मंगळवारी सकाळी आरशासमोर उभी राहून एक वाक्य पाठ करत होती. "ताई, तू माझ्यावर विश्वास ठेवला होतास आणि माझ्याकडून चूक झाली." शुद्ध मराठीत. माफी मागायची तर ती नीट मराठीत मागायला हवी असं तिला वाटलं असावं. एका ठिकाणी तिची गाडी अडायची, मग ती पहिल्यापासून म्हणायची. मी दाढी करायला थांबलो होतो, तिच्या मागे.

सांगायला हवं होतं. रविवारी, सोमवारी, त्या आरशासमोर. मी स्वतःला सांगत राहिलो की आज सांगतो. खाली कुठेतरी असंही होतं की आता ती मुलगी चिडेल, पोरीला चार शब्द बोलेल आणि संध्याकाळची सतरंजी पुन्हा भरेल. हा विचार मी शब्दांत केला नाही, पण तो होता.

मंगळवारी संध्याकाळी कामावरून आलो तर फ्रिजवर तो लाल तुकडा ठेवलेला. बायको कपडे धुण्याआधी खिसे बघते. तिने एवढंच विचारलं, "हे काय आहे?"

"कंपनीतलं."

तिने मान हलवली आणि तुकडा तिथेच राहू दिला. लॉकडाउनमध्ये अर्ध्या पगारावर संसार चालवताना ती माझ्याशी जितकी कमी बोलली नसेल तितकी त्या संध्याकाळी कमी बोलली.

सात वाजता समोरचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. मुलीने केस नीट केले, फायर इंजिन दोन्ही हातांत धरलं आणि निघाली. मी फ्रिजवरचा तुकडा उचलला आणि तिच्या मागे गेलो.

ती मुलगी बॅग अजून दारातच ठेवून पाणी पीत होती. लग्नातली मेंदी हातावर होती. माझ्या लेकीने सुरुवात केली. "ताई, तू माझ्यावर विश्वास ठेवला होतास आणि..." तिथेच अडली, जिथे सकाळी अडत होती. पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली.

"तिने नाही मोडला," मी म्हणालो. "मी मोडला."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी तुकडा पुढे केला.

"रविवारी. ती क्लासला गेली होती. मला करून बघायचा होता. मोडल्यावर मी तसाच ठेवून दिला."

तिने आधी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग तुकडा घेतला, रोबोटचा खांदा ट्यूबलाइटखाली धरला, तुटलेली कड नखाने चाचपली. हे तिचं रोजचं काम. कंपनीत ती तुटलेले नग हातात घेऊन कशाने तुटले ते सांगते.

"हिच्या हातात एवढा जोर नाहीच," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "काका, तुम्ही मोल्डवाले ना? पांढरं पडलेलं दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्या दारात उभं राहून देण्यासारखं नव्हतं. ती चिडली नाही, आवाज चढवला नाही. ती चिडली असती तर मला थोडं बरं वाटलं असतं. माझी मुलगी माझ्याजवळून निघून गेली, पॅसेज ओलांडला, आमच्या घरात शिरली आणि आतल्या खोलीचं दार लावलं.

मी मागोमाग गेलो. दाराबाहेरून म्हटलं, "चुकलं माझं."

आतून आवाज आला, "तुम्ही मला दोन दिवस रडू दिलं."

रोबोट मोडल्याबद्दल ती काहीच बोलली नाही. तेवढं एकच वाक्य, आणि ते तिने पुन्हा कधी म्हटलं नाही. आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पाणी द्या. सही करा. रिक्षावाले काका आले.

मी टूल रूममध्ये जेवणाच्या सुट्टीत बसून तो कान बनवायला घेतला. पांढऱ्या टणक प्लास्टिकच्या सळईतून तुकडा कापला, घासला, पितळेच्या बारीक पिनेसाठी भोक पाडलं. डबा खायला आलेले लोक विचारत होते, कसला नग आहे. मी म्हटलं, सँपल आहे. तयार झाल्यावर समोरच्या दारावर बेल वाजवली आणि तिच्या हातात दिला. तिने ड्रॉवरमधून व्हर्नियर काढला. घरी व्हर्नियर ठेवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. मोजलं.

"काका, पॉइंट एक जास्त आहे. घासला जाईल. पास नाही."

माझा नग वीस वर्षांत असा कोणी तोंडावर परत केला नव्हता. मी दुसरा केला. तिने तोही परत केला, या वेळी भोक किंचित तिरपं म्हणून. मी घरी येऊन माझ्या व्हर्नियरवर मोजलं. होतं तिरपं. तिसरा मात्र तिने दोनदा मोजला, खांद्यात बसवला, हात गोल फिरवला आणि म्हणाली, "ओके." मला झालेला आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी पिनेबद्दल काहीतरी बोललो. तो आनंद आणि तिच्याबद्दलचा जळफळाट, दोन्ही एकाच वेळी होते. किती नेमकी नजर, आणि ती माझी नाही.

मुलीचा आणि माझा समेट मी ठरवून झाला नाही. एका रविवारी तिला स्कूटरवरून क्लासला सोडत होतो. पुढे कंटेनरांची रांग लागली होती, आम्ही धुरात थांबलो होतो. मागून तिने विचारलं, "पप्पा, तुम्हाला ताई आवडत नाही?"

"आवडते."

"खोटं."

मी हेल्मेटच्या आतून म्हटलं, "तू सारखी तिकडेच असतेस."

पुढचा कंटेनर हलला, आम्ही वीस पावलं पुढे गेलो, पुन्हा थांबलो.

"मग तुम्ही पण यायचं ना तिकडे."

"मला कोणी बोलावलं नाही."

"मी काय तुम्हाला आमंत्रण देऊ?" ती अशा आवाजात म्हणाली की शेजारच्या मोटरसायकलवाल्याने वळून पाहिलं. "मी घरातली आहे ना!"

पुढच्या गुरुवारी मी गेलो. दोघी जमिनीवर बसल्या होत्या, मला कोणी या-बसा म्हटलं नाही, मीही बसलो. आप्पांना तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. फायर इंजिनचा गुडघा ते कितीदा वाकवून बघायला लावत होते त्याला हिशेब नाही. माझ्याशी दोन मिनिटं बोलले, त्या मुलीशी वीस मिनिटं. "पोरगी हुशार आहे," ते शेवटी मला म्हणाले, आणि आयुष्यात मी त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल असं कधी ऐकलं होतं का, ते मी आठवत बसलो.

जळणं गेलं असं मी म्हणणार नाही. आता मी जवळ बसून जळतो, एवढाच फरक. लेकीला एखादी गोष्ट अडली की तिची मान आधी त्या मुलीकडे वळते, मग माझ्याकडे. कधी कधी माझ्याकडे वळतच नाही. मला ते दरवेळी दिसतं.

गेल्या महिन्यात समोरच्या मुलीने नवा रोबोट मागवला, हेलिकॉप्टर होणारा. खोकं उघडायला आम्ही तिघं खिडकीपाशी बसलो. कागदावर चाळीस हालचाली, अक्षर मुंगीएवढं. सतराव्या हालचालीला पंखा अडला. तिघांची डोकी कागदावर वाकली. मला काय करायचं ते दिसत होतं, हात पुढे जात होता, बोलायला तोंड उघडलंही.

"पप्पा, जरा सरका," माझी मुलगी वर न बघता म्हणाली. "तुमची सावली पडतेय."

मी सरकलो.